सूनबाईंचं लुक्लाचं तिकीट

"ताई, ते लुक्ला म्हणजे नक्की आहे तरी काय हो?"

कढीपत्ता मागायला भिंतीशी आलेल्या वहिनींनी कढीपत्ता हातात पडायच्या आत हे विचारलं, तेव्हाच मी ओळखलं की फोडणीची काही घाई नाही. विश्रामबागेतल्या आमच्या या दोन घरांमधली भिंत जेमतेम कमरेइतकी आहे. बांधणाऱ्यानं विटा वाचवल्या असतील, पण सोय आमची झाली.

"नेपाळातलं गाव आहे. एव्हरेस्टच्या वाटेवरचं. मी जाऊन आलेय तिथं. का हो?"

"आमचे दोघं निघालेत ना! दिवाळी झाली की लगेच. बेस कॅम्प का काय ते. ठरवलं अर्थातच सूनबाईंनी. आमचा बापडा नुसती मान हलवतो. काल रात्री त्या लुक्लाचा व्हिडिओ बघितला मोबाईलवर, आणि पोटात गोळाच आला. एवढीशी पट्टी, एकीकडं दरी, दुसरीकडं भिंत, आणि वर लाल अक्षरांत लिहिलंय, जगातलं सगळ्यात धोकादायक विमानतळ! यांना उठवून दाखवला, तर म्हणतात, लेहलाही असंच असतं, झोप आता."

"असतंच," पडवीतून वर्तमानपत्राआडून आवाज आला.

अण्णांचं लेह आमच्या गल्लीत शाळकरी पोरांनासुद्धा पाठ आहे. कुणी 'उंच' हा शब्द काढायचा अवकाश, अण्णा लेहच्या विमानात जाऊन बसतात. महाबळेश्वरला जाऊन आलेल्या माणसालाही ते सोडत नाहीत.

"अण्णा, उंचीत तुमचंच लेह वर आहे," मी म्हटलं. "लेहचा विमानतळ ३२५६ मीटरवर, लुक्लाचा २८४५. चारशे मीटरनं तुम्ही जिंकलात."

वर्तमानपत्र जरा खाली आलं.

"पण लेहची धावपट्टी पावणेतीन किलोमीटर लांब आहे. लुक्लाची ५२७ मीटर."

"अर्धाच किलोमीटर?" वहिनींनी हात कपाळाला लावला. "म्हणजे आपल्या गल्लीच्या तोंडापासून दूध डेअरीपर्यंत!"

"तेवढीच. मुंबईची मोठी धावपट्टी ३४४८ मीटरची आहे. तिच्यात लुक्लाच्या सहा मावतील, वर थोडी जागा उरेल. रुंदी तीस मीटर. आणि हे सगळं कुठं, तर आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून आणखी बाराशे मीटर वर जायचं, तिथं."

"म्हणजे उंचीत पहिला नंबर लेहचाच ना?" अण्णांना तेवढंच हवं होतं.

"नाही हो. चीनमध्ये दाओचेंग यादिंग म्हणून विमानतळ आहे, ४४११ मीटरवर. पहिला नंबर त्याचा."

वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. वहिनींच्या चेहऱ्यावर मात्र, काळजीतही, समाधान पसरलं. लेहनं त्यांनाही पुष्कळ छळलेलं आहे.

"बरं, व्हिडिओत ती पट्टी चढावर असल्यासारखी दिसली का तुम्हाला?"

"दिसली ना! मला वाटलं, काढणाऱ्यानं मोबाईल वाकडा धरलाय."

"नाही, ती आहेच चढाची. शंभर मीटरला जवळजवळ बारा मीटर चढ. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत साठ मीटरचा फरक पडतो. वीस मजल्यांची इमारत उभी राहील एवढा."

"अहो, मग विमान घसरत मागं नाही का येणार?"

"उलट आहे ते. विमान नेहमी खालच्या, दरीकडच्या टोकानं येतं आणि चढावर उतरतं. चढच त्याला आवरतो. वर पोचलं की उजवीकडं वळून उभं राहतं. परत जाताना वरच्या टोकाकडून उताराला लागतं, उतारावरच वेग घेतं आणि दरीच्या तोंडाशी उचलतं. यायचं त्याच तोंडानं, जायचंही त्याच तोंडानं. मागच्या बाजूनं वाटच नाही, तिकडं डोंगर आहे. त्या चढ-उताराच्या जिवावरच तर एवढीशी पट्टी पुरते."

"एवढ्या उंचीवर पुरतेच कशी पण?" अण्णांना गप्प राहवेना. "लेहला आमच्या गाईडनं सांगितलं होतं, उंचावर हवा पातळ. विमानाला जास्त पळावं लागतं."

"खरं सांगितलं त्यानं. लुक्लाला हवा समुद्रकाठच्या मानानं पाऊणपट दाट. पंखांना तेवढाच आधार मिळायचा तर विमान जास्त वेगात पाहिजे. उतरतानाही जास्त वेग, उडतानाही जास्त वेग. इंजिनाचा जोर मात्र कमी. म्हणून तिथं मोठी विमानं जातच नाहीत. ट्विन ऑटर, डॉर्नियर, लेट अशी दोन पंख्यांची, पंधरा-अठरा माणसांची छोटी विमानं. कमी जागेत उतरायचं आणि कमी जागेतून उडायचं, याचसाठी घडवलेली."

"आणि ती भिंत?"

भिंतीवरून वहिनींचं लक्ष काही हलत नव्हतं. मी म्हटलं, भिंत आहे. पट्टी संपते तिथं दगडी बांध, त्याच्यामागं डोंगर. मुंबईला कधी उतरता उतरता विमान पुन्हा वर जातं, एक फेरी मारतं आणि परत येतं, तसं लुक्लाला शेवटच्या टप्प्यात करता येत नाही. खाली आलं की आलंच. उतरायचं की परत फिरायचं, हे वैमानिकानं अगोदर, दरीत असतानाच ठरवायचं.

"बघा! मी काय म्हणत होते!" वहिनी पडवीकडं वळून म्हणाल्या.

"पण तो वैमानिक काल भरती झालेला पोरगा नसतो, वहिनी. नेपाळातल्या असल्या छोट्या पट्ट्यांवर निदान शंभर उड्डाणं झालेली पाहिजेत, वर्षभराचा अनुभव पाहिजे, आणि लुक्लालाच शिकवणाऱ्याला शेजारी बसवून दहा वेळा उतरलेलं पाहिजे. मग त्याच्या हातात तिथलं विमान देतात."

"आमच्या चिरंजीवांना गाडीचं लायसन्स अर्ध्या तासात मिळालं होतं," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या गाडीचा डाव्या बाजूचा पत्रा पाहिलेल्या कुणालाही हे खरं वाटेल.

"पण असल्या जागी विमानतळ बांधायची बुद्धी झाली कुणाला?" हा प्रश्न अण्णांचा. वर्तमानपत्राची एव्हाना घडी झाली होती आणि खुर्ची भिंतीच्या दिशेनं सरकली होती.

"एडमंड हिलरींना."

"ते एव्हरेस्टवाले?"

"तेच. १९५३ साली तेनसिंगबरोबर शिखरावर पोचले, पण त्यांचा खरा जीव गुंतला तो खालच्या शेर्पांच्या गावांत. १९६१ मध्ये खुमजुंगला शाळा काढली. पुढं दवाखाना काढायचा होता. आता सिमेंट, पत्रे, औषधं न्यायची कशी? काठमांडूकडून सगळं माणसांच्या पाठीवर. त्रेपन्नच्या मोहिमेलाच शेर्पांच्या या खुंबू भागात पोचायला पंधरवड्याहून जास्त दिवस चालावं लागलं होतं. म्हणून ठरलं, जवळपास कुठंतरी विमान उतरवायचं. हिलरींच्या मनात खरं तर खालची सपाट शेतजमीन होती. शेतकऱ्यांनी द्यायला नकार दिला."

"शाब्बास!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "शेतकरी कुठलाही असो."

"मग वरची ही उताराची जागा मिळाली. शेर्पांकडून २६५० डॉलरला घेतली. दगड काढले, झुडपं काढली, पण माती काही दबेना. रोलर कुठून आणणार तिथं? तर हिलरींनी म्हणे तिथली दारू मागवली, शेर्पांना पाजली आणि सांगितलं, आता नाचा. हात धरून, ओळीनं, पाय आपटत नाचायची त्यांच्याकडं रीतच आहे. नाचून नाचून जमीन घट्ट केली. १९६४ ची गोष्ट. डांबर पडलं थेट २००१ मध्ये. तोवर मातीवरच विमानं."

वहिनी हसायला लागल्या. "आपल्या गल्लीच्या रस्त्यावर करून बघू या का? गणपतीत पोरं नाचतातच."

"गल्लीत नाचतात, तरी खड्डे तसेच," अण्णा म्हणाले. "मातीत काहीतरी फरक असणार."

नाव बदलण्याची गोष्टही मी सांगून टाकली. २००८ च्या जानेवारीत हिलरी गेले आणि त्याच महिन्यात विमानतळाला तेनसिंग-हिलरी असं दोघांचं नाव दिलं. एक गोष्ट सांगू की नको, असं मात्र झालं होतं, कारण वहिनींच्या काळजीत भर पडली असती. १९७५ च्या मार्चमध्ये काठमांडूहून उडालेलं एक छोटं विमान कोसळलं. त्यात हिलरींची पत्नी लुईस आणि धाकटी लेक बेलिंडा गेल्या. फापलूला त्यांच्याकडंच निघाल्या होत्या. हिलरी तिथं दवाखाना बांधत होते. शेवटी सांगितलीच. दोघंही क्षणभर गप्प झाले, आणि मग वहिनींनी विचारलं, "दवाखाना झाला का पुढं?" झाला, म्हटलं. त्यांनी मान डोलावली. वहिनींचं हे मला आवडतं. नको तिथं हळहळत बसत नाहीत, कामाचं काय झालं ते विचारतात.

"तुमच्या वेळी कसं झालं ते सांगा आता. अगदी खरं खरं."

खरं खरं म्हणजे, विमानापेक्षा त्याआधीची रात्र वाईट. काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच. मोसमात तिच्यावर गर्दी उसळते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि तिकडं एप्रिल-मेमध्ये लुक्लाची बरीचशी विमानं रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सोडतात. काठमांडूहून तिथं गाडीनं चार-पाच तास. सकाळचं पहिलं विमान गाठायचं तर रात्री एक-दोनला निघायचं. घाटातली वळणं, मिट्ट काळोख, गाडीत अर्धी माणसं पिशवी तोंडाशी धरून बसलेली. आमच्या गटातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी वाटेत गाडी थांबवून ड्रायव्हरला वेगमर्यादेवर व्याख्यान दिलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा त्याच वेगानं नेलं.

"सूनबाईंना सांगते, घाटाची गोळी घेऊन निघ म्हणून."

"जरूर सांगा. आणि सामान पंधरा किलो, त्यात हातातली पिशवीसुद्धा आली. काट्यावर ठेवतात. कधी कधी माणसालाही उभं करतात."

"माणसाला?" वहिनी भिंतीपासून चक्क एक पाऊल मागं सरकल्या. "सगळ्यांसमोर?"

"छोटं विमान, पातळ हवा. किलोकिलोचा हिशेब असतो. तुमच्याआमच्याइतका काट्यावरचा माणूस काही बाऊ करत नाही, आकडा लिहितो आणि पुढच्याला हाक मारतो."

"आणि मी म्हणत होते, दोन किलो भडंग द्यावं, बेसनाचे लाडू, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी..."

"द्या. पण जॅकेटच्या खिशात भरायला सांगा. मी तेच केलं. दोन जॅकेटं अंगावर, चारही खिशांत लाडू. माणसाचं वजन वाढलं, सामानाचं नाही. त्या दिवशी आम्हाला उभं केलं नाही म्हणून निभावलं."

यावर अण्णा काहीतरी बोलणार होते, पण माझ्या वजनाचा विषय आहे हे लक्षात येऊन थांबले. सुज्ञ माणूस.

"विमानात एक मुलगी ताटली फिरवते. त्यात गोळी आणि कापूस."

"कापूस कशाला?"

"कानात घालायला. पंख्यांचा आवाज एवढा असतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. मुख्याध्यापकांना तो भाग अवघड गेला. वैमानिक आणि आपण यांच्यामध्ये दार असं नसतं. तो काय करतोय ते सगळं दिसतं, त्याच्या पुढच्या काचेतून बाहेरचंही दिसतं. जाताना डावीकडची खिडकी धरायला सांगा दोघांना. सगळा हिमालय त्या बाजूला."

"जागेचे नंबर नसतात?"

"नसतात. एसटीसारखं. रुमाल टाकायला मात्र खिडकी उघडत नाही."

रामेछापहून वीसेक मिनिटांचा प्रवास. काठमांडूहून निघालं तर अर्धा तास. खाली डोंगरांवर कापलेली शेतं, इतकी जवळ की अंगणात वाळत घातलेला मका दिसावा. विमान डोंगरांच्या वरून जात नाही, खिंडींतून वाट काढत जातं. मग दूधकोशीची दरी लागते आणि विमान वळतं. समोरच्या काचेत, डोंगराला लावलेलं ठिगळ असावं तशी ती पट्टी दिसते. त्या क्षणी विमानात कुणी बोलत नाही, कापूस नसता तरी बोललं नसतं. पट्टी मोठी होत जाते, खालची दरी एकदम संपते, चाकं टेकतात आणि विमान नाक वर करून चढ चढायला लागतं. भिंत दिसेपर्यंत त्याचा वेग रिक्षाएवढा झालेला असतो. आमच्या मागच्या रांगेतून कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हणून ओरडलं. "मोरया" म्हणणाऱ्यांत दोन गोरी माणसंही होती.

"आणि भिंत?"

"भिंत होती तिथंच होती. आम्ही तिच्या अलीकडंच वळलो. दार उघडलं, सामान खाली, परत जाणारी माणसं वर, आणि पाच-दहा मिनिटांत तेच विमान दरीत उडी मारून गेलंसुद्धा. आम्ही अजून आपापल्या पिशव्या ओळखत होतो. बाहेर तारेच्या कुंपणाला टेकून हमाल उभे, कुणाची पिशवी उचलायची ते बघत."

"पण ताई," वहिनींनी आवाज उतरवला. अण्णांना ऐकू जाऊ नये असा त्यांचा हेतू असावा, पण अण्णा एव्हाना भिंतीलाच टेकले होते. "अपघात होतात ना तिथं? खरं सांगा."

"होतात," मी म्हटलं. "तेच सांगणार होते. पण बहुतेक जण घाबरतात ते भिंतीला, आणि घाबरायला पाहिजे ते ढगाला."

आणि हे मी त्यांना नीट सांगितलं, कारण व्हिडिओवाले हे सांगत नाहीत. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथला सगळ्यात मोठा अपघात झाला. एकोणीस माणसांपैकी अठरा गेली, वैमानिक तेवढा वाचला. ते विमान भिंतीवर आदळलं नव्हतं. उतरता उतरता पट्टीवर धुकं आलं, आणि विमान पट्टीच्या अलीकडं, खालच्या कड्याला धडकलं. २०१७ च्या मे महिन्यात मालवाहू विमान आलं, तेही असंच खराब हवेत, तेही पट्टीला पोचायच्या आधी खाली आपटलं, दोघं वैमानिक गेले. २०१९ मध्ये उडायला निघालेलं एक विमान बाजूला भरकटून उभ्या हेलिकॉप्टरवर गेलं, त्यात तिघं गेले. म्हणजे बांधाला धडकेल म्हणून आपण डोळे मिटून घेतो, आणि मोठा घात झाला तो दिसेनासं झाल्यामुळं. तिथं ढगातून वाट दाखवणारी यंत्रं नाहीत. वैमानिक डोळ्यांनी बघतो आणि उतरतो. दिसलं तर जायचं, नाही दिसलं तर नाही.

"युरोपनं नेपाळच्या विमान कंपन्यांना बंदी घातली होती, मी वाचलंय," अण्णा म्हणाले. त्यांचं वाचन पक्कं असतं, लेहपुरतं नसतं.

"घातली, २०१३ मध्ये, सगळ्याच कंपन्यांना. उगाच नाही घातली. मी काही तिथं सगळं आलबेल आहे म्हणत नाही. पण म्हणूनच तर कळायला पाहिजे, आपण काय केलं की धोका वाढतो."

"आपण काय करणार? आपण तर नुसते बसलेलो."

"आपण घाई करतो."

तिथं सकाळी हवा शांत असते. ऊन वर आलं की दरीतून वर वारा सुटतो. विमान चढाच्या दिशेनं उतरतं आणि हा वाराही त्याच दिशेनं, म्हणजे पाठीमागून ढकलणारा. उतरणाऱ्या विमानाला मागून वारा म्हणजे आवरायला आणखी कठीण. त्यात दुपारकडं ढग चढतात. म्हणून सगळा कारभार सकाळचा. सकाळचे दोन-तीन तास धुक्यात गेले की त्या दिवसाची विमानं गेली. आणि मग तिकीटवाल्यांचा नियम असा, की दुसऱ्या दिवशीच्या विमानात आधी दुसऱ्या दिवसाचं तिकीट असलेली माणसं. काल अडकलेला माणूस उरलेल्या जागेच्या आशेवर. २०११ च्या नोव्हेंबरात लुक्लाला हवा बिघडली ती दिवसचे दिवस सुधारलीच नाही. हजारो माणसं अडकली. लॉज भरले, लोक जेवणघरात सतरंज्या टाकून झोपले.

"तुम्ही अडकलात का?"

"अडकलो ना, येताना. आणि तिथंच ते ठाण्याचे साहेब."

"कोण ठाण्याचे साहेब?" वहिनी पुन्हा भिंतीशी. कढीपत्त्याच्या काड्या एव्हाना आम्ही दोघींनी मिळून निवडून टाकल्या होत्या.

दुसऱ्या गटात होते. उंच, गोरे, गळ्यात कॅमेरा. सोमवारी त्यांची मीटिंग होती. कसली ते त्यांनी सगळ्या लुक्लाला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी धुकं. काउंटरवरचा पोरगा दर अर्ध्या तासानं बाहेर येऊन म्हणायचा, "मौसम खराब छ." साहेब त्याला दरवेळी इंग्रजीतून झापायचे. दुसऱ्या दिवशी थोडं उघडलं. एक विमान येतंय म्हणून सगळे उठून उभे राहिले, आवाजही ऐकू आला, आणि विमान तसंच परत फिरलं. दरीत ढग होता. साहेबांचा पारा असा चढला की काय सांगू. वैमानिक भित्रा आहे म्हणाले, तक्रार करतो म्हणाले, मला एवढं सगळं दिसतंय मग त्याला कसं दिसत नाही म्हणाले. शेजारी एक शेर्पा म्हातारी लोकर कातत बसली होती. तिनं त्यांच्याकडं बघितलं, आणि आपल्या नातवाला काहीतरी म्हणाली. नातू हसला. काय म्हणाली ते मी विचारलं नाही, पण मला कळलं.

"मग त्यांची मीटिंग?"

"हेलिकॉप्टरनं गेले. आणखी चौघांना गोळा केलं, पैसे वाटून घेतले, तरी खिसा चांगलाच हलका झाला असणार. आणि गंमत बघा, ते हेलिकॉप्टरही ढग उघडेपर्यंत दोन तास थांबलं. ढगाला साहेब माहीत नव्हते."

"आणि तुम्ही?"

"आम्ही पत्ते खेळलो. मुख्याध्यापक मेंढीकोटमध्ये चिडके आहेत, हे कळलं. मग आलं विमान. ज्या वैमानिकानं आदल्या दिवशी विमान परत फिरवलं, त्याच्या विमानात बसायला मी कधीही तयार आहे. जो अठरा माणसं रागावतील म्हणून ढगात घुसेल, त्याच्या नाही."

अण्णा गंभीर झाले. "दुसरा रस्ताच नाही का? गाडीनं?"

"सल्लेरीपर्यंत जीपनं जाता येतं. काठमांडूहून अख्खा दिवस मोडतो, पाठ मोडते ती वेगळी, आणि पुढं लुक्लाच्या वाटेला लागायला चालायचं. पूर्वी लोक जिरीहून चालत यायचे, अजूनही काही येतात. वेळ असेल तर ती वाट चांगली. उंचीची सवय हळूहळू होते. रामेछाप पाचशे मीटरच्या आत आणि लुक्ला २८४५. वीस मिनिटांत एवढं वर नेऊन सोडलं की डोकं धरतंच. म्हणून उतरल्या दिवशी बहुतेक जण फाकदिंगला खाली उतरून झोपतात, २६१० मीटरवर."

"लेहला तर दोन दिवस नुसतं पडून राहायचं," अण्णा म्हणाले, आणि या वेळी त्यांना कुणी अडवलं नाही, कारण ते खरं होतं.

वहिनींनी पदराला हात पुसले आणि तिथूनच मोबाईल काढला. "थांबा, आत्ताच सांगते तिला. परतीचं तिकीट पुढं ढकल म्हणावं, दंड पडला तर मी भरते." फोन स्पीकरवर लागला. सूनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. व्हिडिओ, भिंत, हिलरींचा नाच, माझे लाडू, ठाण्याचे साहेब, सगळं. मग म्हणाल्या, "आई, काठमांडूहून परतीचं विमान मी आधीच चार दिवस मोकळे ठेवून काढलंय. आणि विम्यात हेलिकॉप्टर धरलेलं आहे. तुमचा मुलगाच म्हणत होता की उगाच सुट्टी वाया जाते."

"त्याला दे फोन," वहिनी म्हणाल्या, आणि भिंतीपासून दूर गेल्या. पुढचं बोलणं माय-लेकांमधलं असल्यामुळं मी ऐकलं नाही. जेवढं ऐकू आलं त्यात 'तिचं ऐकत जा' हे तीनदा आलं.

तुमच्याही घरातलं कुणी त्या वाटेला निघालं असेल, तर व्हिडिओ दाखवून त्यांना घाबरवू नका. परतीची तारीख तेवढी विचारा. सकाळचं पहिलं विमान मागायला सांगा, हाताशी तीन-चार दिवस जास्तीचे ठेवायला सांगा, विम्याच्या कागदात हेलिकॉप्टर आहे का ते स्वतः वाचा. आणि काउंटरवरचा पोरगा "मौसम खराब छ" म्हणाला, तर त्याच्याशी भांडू नका म्हणावं. शेजारी चहा मिळतो, तो प्यावा.